गुडघ्यांपुढील चार बोटें जागा

विमानांत पुढील प्रवाशानें खुर्चीची पाठ मागें रेलविली, कीं मागील उंच गृहस्थाचे गुडघे दुखावतात, आणि दोघेही एकमेकांस असभ्य ठरवितात. कलहाचें मूळ मात्र निराळेंच आहे. १९५८ सालीं अटलांटिकवरील विमानांत स्वस्त वर्ग निघाला, तेव्हां दोन खुर्च्यांमधील अंतर ३४ इंच ठरलें होतें. १९७८ च्या कायद्यानें अमेरिकन कंपन्यांस भाडीं ठरविण्याची मोकळीक मिळाली. प्रवास स्वस्त झाला, हें खरें. पण रांगा वाढल्या, आणि तें अंतर पुष्कळ ठिकाणीं ३१ इंचांवर, क्वचित् २८ वरहि आलें. पाठ रेलविण्याची कळ मात्र बहुतेक खुर्च्यांस तशीच राहिली! म्हणजे एकच जागा दोघांस विकली गेली.

२४ ऑगस्ट २०१४ रोजीं नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानांत एकानें पुढील खुर्ची अडविणारें साधन लावलें. पुढील बाईनें त्याच्या अंगावर पाणी फेंकलें, आणि विमान शिकागोस उतरवावें लागलें. दोघांच्याहि रांगा त्या विमानांतील अधिक ऐसपैस अशाच होत्या!

२०१८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें किमान माप ठरविण्यास विमान-खात्यास सांगितलें. २०२२ मध्यें खात्यानें लोकांचीं मतें मागविलीं. पण विचारलें तें संकटसमयीं बाहेर निसटण्याविषयीं, गुडघ्यांविषयीं नव्हे.