हातास सनद, द्रव्यास मोकळीक

आम्स्टरडॅमच्या न्यूमार्क्ट चौकात 'वाग' नावाची बुरुजांची जुनी इमारत आजही उभी आहे. सतराव्या शतकात तिच्या माडीवर शस्त्रवैद्यांच्या संघाची बैठक भरत असे, आणि रेम्ब्रांच्या १६३२ सालच्या चित्रात प्रेताच्या हाताचे स्नायू चिमट्याने उचलून दाखविणारे जे डॉ. निकोलास टुल्प दिसतात, ते ह्याच संघाचे शरीरशास्त्राचे व्याख्याते होते. त्या चित्राने टुल्प अजरामर झाले. परंतु माझ्या मते त्यांचे अधिक मोलाचे कार्य निराळेच आहे. १६३५ च्या प्लेगाच्या अनुभवानंतर त्यांच्या पुढाकाराने शहराचा औषधिकोश सिद्ध झाला, १६३६ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि औषधविक्याने कोणते द्रव्य कसे तयार करावे ह्याचा जाबता प्रथमच कायम झाला. पुढे लवकरच वैद्य व औषधविके ह्या दोघांवर देखरेख ठेवणारे वैद्यमंडळही स्थापन झाले. हात कोणाचा आणि द्रव्य कोणते, हे दोन्ही प्रश्न एकाच नगरसभेने जवळजवळ एका दमात विचारले होते. चेहऱ्यावरील सुरकुत्या घालविण्यासाठी त्या देशात जी सुई टोचली जाते तिचा इतिहास चाळताना असे आढळते, की पहिला प्रश्न डच राज्यकर्ते कधी विसरले नाहीत. दुसरा मात्र मध्यंतरी त्यांच्या हातून निसटला.

पहिल्या प्रश्नाचा निकाल थोरबेके ह्यांच्या मंत्रिमंडळाने १ जून १८६५ च्या कायद्याने लावला: परीक्षा उतरलेल्या वैद्यासच सनद, इतरांनी वैद्यकी केल्यास तो गुन्हा. ही मक्तेदारी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालली. १९९३ च्या नव्या कायद्याने ती सैल करून बिगरसनदी उपचारकांसही मुभा दिली, पण धोक्याची काही कर्मे राखून ठेविली, आणि त्या राखीव यादीत इंजेक्शन टोचण्याचे कर्म आले. सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानातील बाईने स्वतःच्या मुखत्यारीने सुई हाती धरणे बेकायदा. डॉक्टरने धरावी, अथवा त्याच्या हुकमाने कुशल परिचारिकेने. मात्र नोंदणीकृत डॉक्टरने ह्या विषयाचे वेगळे शिक्षण घेतलेच पाहिजे, असे काही त्यात नव्हते.

चेहरा दुरुस्त करण्याच्या विद्येची जुनी वाट निराळी होती, आणि ती आपल्या अंगणातून गेलेली आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नामक गाडीवानाला पुण्यात कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसविल्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. कर्ता कोणी पदवीधर नव्हे, कुंभार जातीचा कारागीर होता. लायडेनमध्ये जन्मलेले शल्यवैद्य योहानेस एसर (१८७७–१९४६) हेही ह्याच पंथाचे: पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या रुग्णालयांत सैनिकांचे छिन्न चेहरे त्यांनी रोग्याच्याच जिवंत, रक्तवाहिनीसह वळविलेल्या मांसाने भरले. (हे गृहस्थ बुद्धिबळातले अव्वल डच खेळाडूही होते, पुढची चाल आधी पाहण्याची सवय शल्यकर्मात उपयोगी पडली असावी.) पुण्याचा कारागीर आणि एसर, दोघांनीही बाहेरचे द्रव्य चेहऱ्यात घातले नाही.

बाहेरचे द्रव्य घालण्याची टूम निघाली ती व्हिएन्नात. १८९९ मध्ये रॉबर्ट गेर्सुनी ह्यांनी व्हॅसलिन टोचून पाहिले, मागोमाग पॅराफिनचे मेण आले, आणि पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकनच्या नाकातील मेण खाली ओघळून हनुवटीशी गाठी झाल्याची कथा युरोपभर झाली.

बोट्युलिनम विषाची कुंडली त्याहून भीषण, पण नशीब बरे. १८९५ मध्ये बेल्जियममधील एलेझेल गावी अंत्ययात्रेनंतर खारविलेले डुकराचे मांस खाऊन वादक आजारी पडले, तीन दगावले, आणि गेंटच्या एमिल व्हान एर्मेंगेम ह्यांनी त्या मांसातून हे विष करणारा जंतू वेगळा केला. ह्याच विषाचा अत्यल्प अंश अमेरिकेत अॅलन स्कॉट ह्यांनी तिरळेपणावर वापरला, आणि २००२ मध्ये तेथे भुवयांमधील आठ्यांसाठी त्यास मान्यता मिळाली. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूस जाणारा निरोप ते अडविते. कपाळाच्या मध्यावर पाच ठिकाणी टोचल्यावर तीनचार दिवसांत आठ्या पसरू लागतात आणि तीनचार महिन्यांनी पुन्हा येतात. चुकून पापणी लोंबली तरी तीही कालांतराने वर येते. शिवाय हे औषध असल्यामुळे नेदरलँड्समध्ये चिठ्ठीवाचून मिळत नाही, आणि त्याचे नाव घेऊन जनतेसमोर जाहिरात करणेही कायद्याने मना आहे. येथे हात आणि द्रव्य दोन्ही दप्तरात नोंदलेले आहेत.

खरा घोटाळा झाला तो सुरकुत्यांत भरावयाच्या पदार्थांचा. कायद्याच्या नजरेत ते औषध नव्हते, 'उपकरण' होते. त्यांना औषधाची चाळणी लागत नसे, युरोपचा शिक्का पुरे होई. ब्रेडा शहरातील रोफिल कंपनीचे 'आर्टेकॉल' म्हणजे गाईच्या कोलॅजेनमध्ये कालविलेले प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी: कोलॅजेन काही महिन्यांत जिरे, मणी जन्मभर राहत, आणि वर्षांनंतर त्यांच्याभोवती गाठी धरण्याचा संभव असे. इटलीहून आलेले 'बायो-अल्कामिड' हे जेल शरीरात पातळ पिशवी करून बसे. ते कायम टिकते म्हणून लोकांना आवडले आणि कायम टिकते म्हणूनच नडले. कारण तीनचार वर्षे निवांत गेल्यावर एके दिवशी गाल सुजून गळू होई. सनदी डॉक्टरने कायदेशीर सुईने टोचलेले द्रव्य होते ते. १८६५ चा कायदा आणि १९९३ चा कायदा, दोघांचेही समाधान झाले होते.

अखेर आरोग्यमंत्री एडिथ स्खिपर्स ह्यांच्या कारकीर्दीत, १ जानेवारी २०१५ पासून, सौंदर्यासाठी कायमस्वरूपी भराव वापरण्यास मनाई झाली. विद्रूपता दुरुस्त करण्यापुरती सवलत राहिली. २०१९ मध्ये सौंदर्यवैद्यकाला डॉक्टरांच्या संघटनेच्या दप्तरी स्वतंत्र नोंदणी लाभली, आणि २०२१ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमावलीने निव्वळ शोभेसाठीचे भरावही आपल्या यादीत ओढले. जे टोचून झाले होते त्यावर ह्या कोणत्याही फर्मानाचा अंमल चालणे शक्य नव्हते.

ज्यांच्या चेहऱ्यात ते आधीच गेले होते त्यांच्यासाठी रोटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात भरावांच्या उपद्रवांची तपासणी होते. आधी सोनोग्राफीचे यंत्र गालावर फिरवून आत काय आहे आणि रक्तवाहिन्या कोठे आहेत ते पाहतात. भराव म्हणून कायम न टिकणारे हायल्युरॉनिक आम्ल असेल, आणि त्याने रक्तवाहिनी बुजून त्वचा पांढरी-निळी पडू लागली असेल, तर हायल्युरॉनिडेज टोचून ते तातडीने विरघळविता येते; डोळ्याकडे जाणारी वाहिनी बुजली तर दृष्टीच जाते, म्हणून वेळेला फार महत्त्व. कायमच्या भरावाला विरघळविणारे औषध नाही. गळू फोडून निचरा करावा, प्रतिजैविके द्यावीत, आणि जेवढे निघेल तेवढे काढावे, एवढेच शल्यवैद्याला करता येते.