डिस्कचा सातबारा

शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झाले. तेव्हा संगणकाच्या इतिहासावर मी बोलावे हे धाडसच. पण निमित्त कचेरीतच घडले. जुन्या यंत्रावर लिनक्स बसवताना आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडला, आणि अकरा वर्षांची सभासदांची नोंद गेली. रागावण्यापूर्वी मनात आले, डिस्कच्या या वाटण्या मुळात केल्या कोणी?

उत्तर १९८३ सालात सापडते. त्या वर्षी आयबीएमच्या एक्सटी यंत्रात १० मेगाबाइटची डिस्क आली. तिच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघे ६४ वाटण्यांच्या नोंदीला राखले. एका नोंदीला १६ बाइट, म्हणजे वाटे चारच! पुढे एका वाट्यात पोटवाटे काढण्याची युक्ती निघाली. हा डिस्कचा सातबाराच म्हणा ना. नोंद पुसली तरी माती जागेवरच असते; तीवर नवा पेरा झाला की मात्र जुने पीक गेले. आमचे तसेच झाले.

१९९१ साली हेलसिंकीत लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हप्त्यांवर घेतलेल्या यंत्रावर लिनक्स लिहावयास घेतले. एका वाट्यात मिनिक्स ही दुसरी प्रणाली नांदत होती. विद्यापीठाशी फोन जोडू जाता त्याने मोडेमऐवजी चुकून डिस्कलाच हुकूम सोडला, आणि मिनिक्सचा वाटा नासला. तो पुन्हा न बसवता गडी लिनक्सवरच राहिला. ही हकीकत ऐकून आमचा कार्यकर्ता चार दिवसांनी प्रथमच हसला.

मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या यंत्राला स्मृती होती फक्त २ मेगाबाइट. काम तीत मावेना. त्याच्यासाठी टॉरवाल्ड्सने नाताळच्या सुटीत बसून, स्मृती अपुरी पडल्यास मजकूर डिस्कवर ठेवण्याची सोय केली. जानेवारी १९९२ मध्ये ती सर्वांच्या हाती आली. आपण ‘स्वॅप’ म्हणून वाटा राखतो तो यासाठीच.

चार नोंदींची जुनी वही २ टेराबाइटांपाशी थकली. तिच्या जागी आलेल्या जीपीटीत सहसा १२८ नोंदी मावतात, आणि दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. कारकुनी शहाणपण उशिरा सुचले, इतकेच. नव्या यंत्रावर यंत्र सुरू करणारा एक लहान वाटा आधीच असतो. त्याला हात लावू नये. लिनक्सला मूळ वाटा द्यावा, आणि आपल्या कागदपत्रांना ‘होम’ वेगळा. मग प्रणाली पुन्हा बसवली तरी होम सुरक्षित राहते. त्याच्यापुढे फॉरमॅटची खूण तेवढी करू नये.

कचेरीत आता तसेच केले आहे. नोंदी मात्र पावतीपुस्तकांवरून आम्ही तिघे रोज संध्याकाळी भरतो. अजून २०१६ पर्यंतच आलो आहोत.