हैदराबाद संस्थानातील हवाई शस्त्रवाहतूक
निजामाच्या हैदराबाद संस्थानास १९४८ साली कराचीहून विमानांनी गुप्तपणे शस्त्रपुरवठा करण्याचा उपक्रम. परदेशी वैमानिकांनी खाजगी व मुलकी म्हणविणाऱ्या विमानांतून तो पार पाडला. बीदर व वरंगळ येथील विमानतळ ही त्याची प्रमुख उतरण्याची ठिकाणे होती.

हैदराबाद संस्थान चोहोबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले असून त्यास समुद्रकिनारा नव्हता. त्यामुळे बाहेरील जगाशी भारताच्या संमतीवाचून संबंध ठेवण्याचे हवाई मार्ग हेच एकमेव साधन होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व निजाम यांत एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्यानुसार दोन्ही पक्षांनी परस्परांकडे प्रतिनिधी नेमले. भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत गेले. तथापि युद्धकाल वगळता संस्थानात सैन्य ठेवण्याचा हक्क करारान्वये भारतास नव्हता आणि सिकंदराबाद येथील भारतीय फौज काढून घेण्यात आली. मुन्शींचे पद मुलकी स्वरूपाचे होते. विमानतळांवर देखरेख ठेवणारी कोणतीही संयुक्त लष्करी यंत्रणा करारात योजिलेली नव्हती. ही उणीव पुढे महत्त्वाची ठरली.

सिडनी कॉटन (१८९४–१९६९) हा या उपक्रमाचा सूत्रधार. तो मूळचा ऑस्ट्रेलियन वैमानिक असून, पहिल्या महायुद्धात वैमानिकांसाठी तयार केलेला विशिष्ट पोशाख व दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभीचे हवाई छायाचित्रण यांबद्दल प्रसिद्ध होता. त्याने लँकॅस्ट्रियन विमाने वापरली. लँकॅस्टर या बाँबफेकी विमानात फेरफार करून प्रवासी व टपाल वाहतुकीसाठी ती बनविलेली होती. कराचीहून संस्थानात येताना भारतीय आकाश ओलांडणे अपरिहार्य होते. १९४४ च्या शिकागो आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक करारातील ३५ व्या कलमाप्रमाणे युद्धसाहित्य नेणाऱ्या विमानास ज्या देशावरून जावयाचे, त्या देशाची अनुमती आवश्यक असते. भारताने अशी अनुमती दिलेली नव्हती. या वाहतुकीबद्दल ब्रिटिश न्यायालयाने पुढे कॉटन यास दोषी ठरवून २०० पौंड दंड केला.

बीदर जिल्ह्यात त्या वेळी उदगीर, अहमदपूर व निलंगा हे मराठी भाषी तालुके समाविष्ट होते. उदगीरला लागूनच मुखेडचा परिसर आहे. रझाकार संघटनेचा नेता कासिम रझवी हा लातूर येथे वकिली करीत असे. रझाकारांच्या अत्याचारांमुळे या टापूतील अनेक कुटुंबे गावे सोडून सरहद्दीपलीकडे गेली, तर स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर शिबिरे उभारून प्रतिकार केला. विमानांतून उतरणाऱ्या शस्त्रांच्या वार्तांनी तेथील भीती वाढली व वाटाघाटींतील परस्परविश्वास नाहीसा झाला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने पोलीस कारवाई सुरू केली. सोलापूरकडून निघालेली मुख्य तुकडी नळदुर्गमार्गे पुढे सरकली. भारतीय वायुदलाने संस्थानातील विमानतळांवर बाँबहल्ले केले. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली व दुसऱ्या दिवशी सेनापती सय्यद अहमद एल इद्रूस यांनी मे. जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. आणलेल्या शस्त्रांनी निर्णयावर काहीच परिणाम झाला नाही. मात्र नंतरच्या हिंसाचारात मुसलमान रहिवाशांची मोठी हानी झाली. सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक पीडित जिल्हे असल्याचे नमूद केले. हा अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्यांस उपलब्ध नव्हता.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मराठवाड्यास जोडले गेले. बीदर म्हैसूर राज्यात गेले. बीदरच्या विमानतळावर पुढे भारतीय वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र झाले आणि २०२० मध्ये तेथून नागरी प्रवासी वाहतूकही सुरू झाली. विमानतळ मुलकी की लष्करी, हे त्याच्या नावावरून ठरत नाही. तेथे काय उतरविले जाते आणि ते तपासण्याचा अधिकार कोणास आहे, यांवरूनच ते ठरते, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.