रिओच्या टेकड्या आणि सरकारी घरे

ब्राझीलमधील रिओ दी जानेरो या शहराचे पूर्ण नाव संत सेबास्टियनच्या नावाने सुरू होते. १५६५ साली पोर्तुगीजांनी ते वसविले तेव्हा आमची वसईही त्याच राजाच्या अंमलाखाली होती आणि योगायोगाने त्या राजाचे नावही सेबास्टियनच होते. २० जानेवारीला तिकडेही संताची मिरवणूक निघते. एवढ्या नात्यावर त्या शहराची कहाणी सांगावयास घेण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. बेघरांना घर देण्याचे जे प्रयोग त्या एका शहरात झाले, त्यांत ख्रिस्तसभेचा हात कधी सरकारच्या हातात होता, तर कधी सरकारला अडविण्यासाठी उगारलेला होता. दोन्ही गोष्टी सांगितल्याखेरीज ही कहाणी पुरी होत नाही.

‘फावेला’ हा शब्द आज जगभर झोपडवस्तीसाठी रूढ झाला आहे. १८९७ साली ईशान्य ब्राझीलमधील कानुदोसच्या युद्धातून परतलेले सैनिक राजधानीत आले, निवाऱ्याची वाट पाहत एका टेकडीवर खोपटी बांधून राहिले आणि रणभूमीजवळच्या फावेला नावाच्या टेकडीचे नाव त्यांनी या टेकडीला दिले. म्हणजे पहिली फावेला सरकारच्याच शिपायांनी वसविली! पुढे शहराच्या मध्यभागातील गरिबांच्या जुन्या चाळी पाडून रुंद रस्ते काढण्यात आले आणि टेकड्या भरत गेल्या. १९३७ च्या बांधकाम नियमावलीने फावेलांना बेकायदेशीर ठरविले. तेथे नवे घर बांधू नये, जुने दुरुस्तही करू नये, असा दंडक होता. घर पडके ठेवावयास लावावयाचे आणि मग ते पडके आहे म्हणून पाडावयाचे, हा न्याय आमच्या वाचकांनाही अगदी अनोळखी नसावा.

१९४० नंतरच्या वर्षांत सरकारने ‘श्रमिक उद्याने’ या नावाने लाकडी घरांच्या वसाहती उभारल्या. घरे तात्पुरती म्हणून बांधली होती, पण लोक त्यांत वर्षानुवर्षे राहिले. रहिवाशांनी ओळखपत्र बाळगावयाचे, रात्री दहाला फाटक बंद व्हावयाचे आणि त्याआधी व्यवस्थापक ध्वनिक्षेपकावरून दिवसभराच्या घडामोडींवर उपदेश करावयाचा. गरिबाला घराआधी वळण हवे, ही समजूत त्यामागे होती. १९४७ मध्ये रिओच्या धर्मप्रांताने नगरपालिकेसह ‘लिओ तेरावे प्रतिष्ठान’ स्थापिले. त्याने वस्त्यांत दवाखाने, शाळा व समाजकेंद्रे चालविली, हे खरे. परंतु गरिबांच्या कळवळ्याइतकीच साम्यवाद्यांची धास्तीही त्या स्थापनेमागे होती, हे लपविण्यात अर्थ नाही.

याच शहरात १९५५ च्या जुलै महिन्यात आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. (पुढे १९६४ साली मुंबईत भरली तीच ही परिषद.) तिची सारी व्यवस्था साहाय्यक बिशप दोम हेल्डर कामारा यांनी पाहिली होती. समारोपानंतर फ्रान्समधील लिऑनचे कार्डिनल जेर्लिए यांनी त्यांना विचारले की, हे संघटनाकौशल्य आपण गरिबांसाठी का वापरीत नाही? तो प्रश्न त्यांच्या मनात रुतला. त्याच वर्षी ‘संत सेबास्टियन मोहीम’ सुरू झाली.

मोहिमेचे वैशिष्ट्य एका गोष्टीत होते. लेब्लों हा समुद्रकाठचा श्रीमंतांचा भाग. त्याला लागूनच प्राया दो पिंतो ही मोठी फावेला होती. येथील माणसे जवळच्याच बंगल्यांत व इमारतींत स्वयंपाक, धुणीभांडी, बांधकाम, रखवाली करीत. तेव्हा त्यांना घर द्यावयाचे ते येथेच, असा दोम हेल्डर यांचा आग्रह होता. दहा इमारती उभ्या राहिल्या, त्यांत सुमारे नऊशे छोटी घरे. ती फुकट नव्हती, कुटुंबांनी हप्ते भरावयाचे होते. शेजारच्या प्रतिष्ठितांनी नाके मुरडली आणि ‘मोहिमे’तला माणूस म्हणून रहिवाशांवर शिक्काही बसला. संपूर्ण वस्तीला पुरतील इतकी घरे मोहिमेला कधीच बांधता आली नाहीत. तरी माणसाला त्याच्या कामाधामापासून आणि शेजारापासून तोडू नये, ही अक्कल त्या दहा इमारतींत होती. पुढच्या सरकारी योजनांत ती सापडत नाही.

१९६० मध्ये राजधानी ब्राझिलियाला गेली आणि रिओ हे ग्वानाबारा राज्य झाले. गव्हर्नर कार्लोस लासेर्दा यांनी फावेला हटविण्याचा सपाटा लावला. अमेरिकेच्या मदतीतून दूर पश्चिमेस व्हिला केनेडी ही वसाहत उभी राहिली. तिच्या चौकात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची छोटी प्रतिकृतीही बसविण्यात आली. १९६४ च्या जानेवारीत बोताफोगोजवळील पास्मादो टेकडीवरच्या लोकांना तेथे नेले आणि मागे उरलेल्या झोपड्या पेटवून देण्यात आल्या. त्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि ऑगस्टमध्ये ‘राष्ट्रीय गृहनिर्माण बँक’ स्थापन झाली. १९६६ पासून प्रत्येक कामगाराच्या नावे मालकाने पगाराच्या ८ टक्के रक्कम एका निधीत भरावयाची आणि तो निधी बँकेने घरांसाठी वापरावयाचा, अशी योजना होती. कल्पना वाईट नव्हती. १९८६ मध्ये बंद होईतो बँकेने सुमारे ४५ लाख घरांना कर्ज दिले. मात्र कर्ज फिटले पाहिजे आणि हप्ता महागाईबरोबर वाढला पाहिजे, या हिशेबात गरीब बसेना. त्याच्या वाट्याला फार तर तिसरा हिस्सा आला. कामगाराच्या पैशातून मध्यमवर्गाची घरे झाली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

१९६२ ते १९७४ या काळात रिओतील ८० फावेला उठविल्या गेल्या आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसे हलविली गेली. त्यांत प्राया दो पिंतोही होती. १९६९ च्या मे महिन्यात एका रात्री ती जळाली. त्या जागी मध्यमवर्गीयांसाठी उंच इमारतींचा संच उभा राहिला. सरोवराकाठची काताकुंबा १९७० मध्ये रिकामी केली. जॅनिस पर्लमन या अमेरिकन संशोधिका त्याआधी तेथे राहून गेल्या होत्या. १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखविले की, ही माणसे आळशी वा उपरी नव्हती, शहर त्यांच्याच श्रमावर चालत होते. नव्या वसाहतींत घरे उत्पन्नाप्रमाणे वाटल्याने पिढ्यांचे शेजारी वेगळे झाले. बसभाडे पगार खाऊ लागले, बायकांची घरकामे सुटली. हप्ते थकले की कित्येक कुटुंबे पुन्हा एखाद्या फावेलातच परतत. १९६६ च्या पुरातील निराश्रितांना ज्या अर्धवट वसाहतीत ठेवले, ती सिदादे दे देउस, म्हणजे ‘देवाचे नगर’. संत ऑगस्टीनच्या ग्रंथाचे हे नाव त्या ठिकाणी वाचताना आम्हांस आजही अवघडल्यासारखे होते.

परंतु सारेच अंधारात नव्हते. ब्राज दे पिना या वस्तीतील लोकांनी स्थानिक धर्मगुरूंच्या साथीने हुसकावणी थोपविली. १९६८ नंतर एका सरकारी कंपनीनेच तेथे रस्ते, पाणी व गटारे दिली आणि लोकांना साहित्यासाठी कर्ज देऊन आपल्या पसंतीची घरे बांधू दिली. तरुण वास्तुविशारद कार्लुस नेल्सन फेरेरा दुस सांतुस यांनी तेथे रहिवाशांबरोबर बसून आराखडे केले. लष्करी राजवटीच्या ऐन भरात हे घडले.

१९७७ मध्ये महागुरुस्वामी कार्डिनल एउजेनियो सालेस यांच्या आशीर्वादाने धर्मप्रांताचे फावेला सेवाकार्य सुरू झाले. त्या सुमारास समुद्रकाठच्या विदिगाल टेकडीवरच्या लोकांना हलविण्याचा घाट घातला गेला होता. रहिवासी अडून बसले, सेवाकार्याने वकील दिले आणि प्रकरण न्यायालयात गेले. विदिगाल वाचली. २ जुलै १९८० रोजी पोप जॉन पॉल दुसरे तेथे गेले आणि आपल्या बोटातील अंगठी त्यांनी वस्तीला दिली. ज्यांच्या अंगणात आदल्या वर्षांपर्यंत नोटिसा येत होत्या, त्यांच्या अंगणात पोप उभे होते!

पुढे १९८८ च्या राज्यघटनेने शहरात पाच वर्षे बिनविरोध राहिलेल्या गरिबाला, जागा खासगी असल्यास, २५० चौरस मीटरपर्यंत हक्क मागण्याची वाट दिली. १९९४ पासून ‘फावेला-बाइरो’ योजनेत वस्त्या न हलविता सुधारण्यात आल्या. असे वाटले की धडा शिकला गेला. परंतु २००९ मध्ये ‘माझे घर, माझे आयुष्य’ ही दहा लाख घरांची योजना आली, तेव्हा रिओतील अगदी गरिबांसाठीची बहुतेक घरे पुन्हा दूर पश्चिमेसच बांधली गेली, कारण जमीन तेथे स्वस्त होती.

लेब्लोंमधील त्या दहा इमारती अजून उभ्या आहेत. एका बाजूस प्राया दो पिंतोच्या राखेवरचे मनोरे आहेत, तर जवळच २००६ साली उघडलेले झगझगीत व्यापारसंकुल. पहिल्या रहिवाशांची नातवंडे तेथे राहतात आणि कामाला चालत जातात.