२५ जून : लॉर्ड्सवरची पहिली सकाळ

२५ जून म्हटले की १९७५ च्या आणीबाणीपाठोपाठ आठवतो तो १९८३ च्या विश्वचषकाचा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना: १८४ धावांचे तुटपुंजे आव्हान, रिचर्ड्सचा उंच उडालेला चेंडू मागे धावत टिपणारा कपिल देव आणि ४३ धावांनी विजय. पण त्याच लॉर्ड्सवर, याच तारखेला, १९३२ साली भारताने पहिली कसोटी खेळायला सुरुवात केली, तिलाही या दिवशी तेवढाच मान हवा. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू कर्णधार होते. मोहम्मद निसार यांनी सटक्लिफ आणि होम्स यांचे त्रिफळे उडवले, वूली धावबाद झाले आणि बलाढ्य इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली.

तो सामना आपण १५८ धावांनी हरलो, मग त्याचे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल. हरलो हे खरेच. पण निसार यांनी पहिल्या डावात पाच बळी घेतले, हाताला दुखापत असूनही नायडूंनी ४० धावा केल्या आणि दुसऱ्या डावात खालच्या फळीतल्या अमरसिंग यांनी भारताचे पहिले कसोटी अर्धशतक झळकावले. पारतंत्र्यातला, पहिलीच कसोटी खेळणारा हा संघ नुसती हजेरी लावायला गेला नव्हता. तारखांचा मेळ हा योगायोगच. पण त्या निमित्ताने कपिलच्या झेलाशेजारी निसार यांचा मारा सांगितला, तर भारतीय क्रिकेटची सुरुवात १९८३ ला झाली असे नव्या वाचकाला वाटणार नाही.