रूपक : भाषेचे भूषण की बुद्धीची वाट?

उसाच्या कांडीला डोळा असतो, माठाला तोंड असते, खुर्चीला हात असतात आणि डोंगराला माथा असतो. हे शब्द उच्चारताना आपण काव्यरचना करीत आहोत, असे कोणा शेतकऱ्याच्या अथवा कुंभाराच्या मनातही येत नाही. तथापि वस्तुस्थितीच्या कसोटीस लावले, तर यांतील प्रत्येक शब्द उसनवार घेतलेला आहे. माणसाने आपल्या देहाचे अवयव भोवतालच्या सृष्टीला वाटून दिले आणि मगच ती सृष्टी त्याला ओळखीची वाटू लागली. इटलीतील नेपल्स शहरी राहणाऱ्या जांबात्तिस्ता व्हीको या पंडिताने आपल्या 'नवे शास्त्र' या ग्रंथात हीच गोष्ट मोठ्या आग्रहाने मांडली. या ग्रंथाची पहिली आवृत्ती १७२५ साली आणि अखेरची सुधारलेली आवृत्ती १७४४ साली निघाली. आदिमानव प्रथम काव्याच्या रीतीने विचार करीत असे; रूपक ही त्याची हौस नव्हती, गरज होती, असे व्हीकोचे म्हणणे होते.

त्याच्या काळी हे म्हणणे प्रवाहाविरुद्धचे होते. युरोपीय विचारवंतांच्या बैठकीत रूपकाला मानाचे पान क्वचितच मिळाले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने रूपकाची व्याख्या 'एका वस्तूचे नाव दुसरीला देणे' अशी केली. उत्तम रूपक साधणे हे प्रतिभेचे लक्षण असून ते दुसऱ्याकडून शिकता येत नाही, असाही निर्वाळा त्याने दिला. परंतु पुढील पिढ्यांनी त्यातील प्रतिभेचा भाग मागे ठेवला आणि नावाच्या अदलाबदलीचा भाग तेवढा उचलला. थॉमस हॉब्जने १६५१ साली रूपकाची गणना भाषेच्या दुरुपयोगांत केली. जॉन लॉकने १६९० सालच्या आपल्या प्रसिद्ध प्रबंधात, जेथे सत्य सांगावयाचे आहे तेथे आलंकारिक भाषा ही निव्वळ फसवणूक होय, असा निकाल दिला. मौज अशी, की मानवी मन म्हणजे कोरा कागद होय, हे लॉकचे प्रख्यात प्रतिपादनही रूपकच आहे. ज्याला त्याने दारातून हाकलले, ते त्याच्याच घराच्या पायात चिणलेले होते.

भारतीय साहित्यशास्त्राचा प्रारंभही 'अलंकार' या शब्दानेच झाला. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढे त्यांची संख्या वाढतच गेली. अलंकार म्हणजे दागिना. तो अंगावर घालता येतो आणि उतरवूनही ठेवता येतो. मात्र या परंपरेत अलंकारांच्या यादीबरोबरच एक खोल प्रश्न नांदत होता. शब्दाचा सरळ अर्थ जुळत नसतानाही श्रोत्याला अर्थ कसा कळतो? 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण. प्रवाहावर वाडा असू शकत नाही. म्हणून ऐकणारा 'गंगेच्या तीरावर' असे समजतो. अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त या लक्षणेच्या तीन अटी नोंदविल्या: मुख्य अर्थाला बाध आला पाहिजे, नव्या अर्थाचा त्याच्याशी संबंध असला पाहिजे आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असले पाहिजे. रूढीचे त्याने दिलेले उदाहरण 'कुशल' हे आहे. मुळात कुश नावाचे दर्भ तोडून आणणारा तो कुशल. आज त्या गवताची कोणाला आठवणही होत नाही.

परंतु प्रयोजनाचे काय? 'तीरावर' असे सरळ म्हणता येत असताना 'गंगेवर' का म्हणावे? त्या वाड्याची शीतलता आणि पावित्र्य मनात उमटावे म्हणून, असे उत्तर शास्त्रकारांनी दिले. येथेच दागिन्याची उपमा अपुरी पडते. 'तीरावर' हा शब्द घातला की स्थळ कळते, पण शीतलता नाहीशी होते. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त याच जागी बोट ठेवले होते. काव्याचा आत्मा शब्दाने सरळ सांगितलेल्या अर्थात नसून त्यातून सूचित होणाऱ्या अर्थात आहे, हा त्याचा सिद्धांत. तो मान्य केला, तर कवितेचा सारांश काढून कविता मिळाली असे म्हणता येत नाही.

पश्चिमेकडे या प्रश्नाची नव्याने मांडणी होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९३६ साली आय. ए. रिचर्ड्स यांनी, रूपक हा शब्दांचा नव्हे तर विचारांचा परस्परव्यवहार आहे, असे प्रतिपादिले. मॅक्स ब्लॅक यांनी १९५५ च्या सुमारास त्यात भर घातली. माणसाला लांडगा म्हटले की माणूस लांडग्यासारखा दिसू लागतो, इतकेच नव्हे, तर लांडगाही थोडा माणसासारखा दिसू लागतो. १९८० साली भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लॅकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी मिळून लिहिलेल्या लहानशा पुस्तकाने तर प्रश्नाचे तोंडच फिरविले. त्यांनी उदाहरणे कवितेतून घेतली नाहीत, रोजच्या बोलण्यातून घेतली. वाद म्हणजे युद्ध, वेळ म्हणजे पैसा, जीवन म्हणजे प्रवास, अशा मोजक्या कल्पनांवर इंग्रजीतील शेकडो साधी वाक्ये उभी आहेत, असे त्यांनी दाखविले. मराठीलाही हे सहज पटण्यासारखे आहे. येथेही वादात माणूस बाजू लढवितो आणि माघार घेतो. वेळ वाचवितो आणि वाया घालवितो. आयुष्यात वाट चुकतो आणि पुन्हा मार्गी लागतो. मम्मटाने ज्यांना रूढीच्या कोठारात ठेवले असते, ती ही रूपके मृत नसून विचाराला रोज वळण लावीत असतात, असा या पक्षाचा दावा आहे.

१९८२ साली ग्लक्सबर्ग, गिल्डिया आणि बुकिन या मानसशास्त्रज्ञांनी एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्ये दाखवून त्यांचा शब्दशः अर्थ खरा की खोटा, एवढेच सांगावयास लावले. काही नोकऱ्या म्हणजे तुरुंग, अशा धर्तीची वाक्ये शब्दशः खोटी. पण ती खोटी ठरविण्यास लोकांना साध्या खोट्या वाक्यांपेक्षा अधिक वेळ लागला. मागितला नसतानाही लाक्षणिक अर्थ मनात येऊन उभा राहत होता. मग मुख्य अर्थाचा बाध प्रथम आणि लक्षणा नंतर, हा क्रम चुकला काय? शास्त्रकारांचा क्रम तर्काचा होता, घड्याळाचा नव्हे, असे त्याचे उत्तर देता येईल. शिवाय रसाच्या बाबतीत आनंदवर्धनानेच सांगून ठेवले आहे, की तेथे क्रम असतो, पण तो जाणवत नाही. कमळाच्या शंभर पाकळ्यांची चवड सुईने भेदली, तर प्रत्येक पाकळी वेगळी भेदली गेल्याचे कळत नाही, हा दृष्टांत परंपरेत त्यासाठीच दिला जातो.

ही रूपके सर्व मानवजातीची एकच आहेत, असे मात्र समजू नये. मराठीत येणारा महिना 'पुढचा' आणि सरलेले वर्ष 'मागचे'. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात राहणाऱ्या आयमारा लोकांच्या भाषेत याच्या उलट भूतकाळ डोळ्यांसमोर असतो आणि भविष्य पाठीमागे. कारण घडलेले दिसते आणि घडावयाचे दिसत नाही. राफाएल नून्येझ आणि ईव्ह स्वीट्सर यांनी २००६ साली या लोकांच्या हातवाऱ्यांवरूनही ही गोष्ट दाखवून दिली.

आता खरा पेच उभा राहतो. रूपक जर प्रत्येकाच्या जिभेवर आहे, तर कवीचे वेगळेपण कशात? लॅकॉफ यांनी मार्क टर्नर यांच्यासमवेत १९८९ साली याचे उत्तर दिले. कवी सर्वांचीच रूपके घेतो. पण ती ताणतो, त्यांत तपशील भरतो, त्यांची गुंफण करतो आणि कधी त्यांच्यावरच शंका घेतो. इस्रायलमधील समीक्षक रूव्हेन त्सूर यांना हे पुरेसे वाटले नाही. कविता नेहमीच्या आकलनाच्या वाटेने चालत नाही, ती त्या वाटेत अडथळा आणून वाचकाला थांबविते, असे त्यांचे मत. सर्व कवितांखाली तेच पाचदहा साचे दाखविल्याने एका कवितेचे मोल कळत नाही, या आक्षेपात तथ्य आहे. जीवन हा प्रवास आहे, हे वाटसरूलाही ठाऊक असते. कवितेत तो प्रवास कोणत्या वळणावर थांबला, यावर सारे अवलंबून असते.

महाराष्ट्राला या वादाचे एक उत्तर फार पूर्वी मिळालेले आहे. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तो दृष्टांतांच्या मालिका रचून. तेथे दृष्टांत काढून घेतला, तर उघडा सिद्धांत उरत नाही. सिद्धांताकडे जाण्याची श्रोत्याची वाटच बंद होते. आनंदवर्धनाला जे सूक्ष्म वाचनाने दिसले, ते आधुनिक संशोधकांना प्रयोगाने आणि बोलभाषेच्या अभ्यासाने दुसऱ्या बाजूने दिसू लागले आहे. रूपक उपरे असेल, तर कविता ही फुरसतीची चैन ठरते. ते विचाराचेच साधन असेल, तर कविता वाचणे म्हणजे ज्या साधनाने रोज जग पाहिले जाते, ते हाती घेऊन निरखणे होय. शेतकरी उसाची कांडी लावतो, तेव्हा तिचा डोळा शाबूत आहे ना, हे तो आधी पाहतो. कारण कोंब तेथूनच फुटावयाचा असतो.