उताऱ्याचा गाभा आणि केसोबास

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत उतारा देऊन त्याची मध्यवर्ती कल्पना विचारतात. पुष्कळ मुले पहिले वाक्य जसेच्या तसे उतरवून मोकळी होतात. दोष त्यांचा नाही. “मुख्य विचार पहिल्या वाक्यात असतो” असे काही वर्षे मीच त्यांना सांगत होतो. हा नियम मूळचा इंग्रजी रचनाशास्त्रातला. अलेक्झांडर बेन यांनी तो १८६६ साली आपल्या ग्रंथात मांडला, पण पहिले वाक्य केवळ प्रास्ताविक नसेल तर, अशी अट घालून. आम्ही मास्तरांनी नियम घेतला आणि अट सोडून दिली.

वास्तविक ही विद्या आपल्या भाषेला फार जुनी आहे, आणि आम्हा माहूरकरांनी तरी ती विसरू नये. महानुभावांच्या श्रद्धेनुसार चांगदेव राऊळांना श्रीदत्तात्रेयांचे दर्शन याच डोंगरात घडले. त्या पंथाचे श्रीचक्रधरस्वामी लोकांशी मराठीतून बोलत. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ठिकठिकाणी फिरून, ज्याने पाहिले-ऐकले त्याला विचारून जमविल्या आणि इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. प्रसंग शेकडो, कुठे जेवण, कुठे प्रवास, कुठे कुणाचे रुसणे. यातून स्वामींचे तत्त्वज्ञान कसे वेचायचे?

हे काम केसोबासांनी केले. स्वामींची वचने निवडून त्यांनी ‘सूत्रपाठ’ रचला. शिवाय ११४ दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्याची मांडणी प्रत्येक शिक्षकाने पाहावी अशी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र व दृष्टांत स्वामींचे; गोष्टीतून काय घ्यायचे ते सांगणारे दार्ष्टांतिक केसोबासांचे. केसोबास संस्कृतचे पंडित, तरी नागदेवाचार्यांच्या आग्रहामुळे हे सारे मराठीतच राहिले.

त्यातला आंधळे आणि हत्ती हा दृष्टांत मी वर्गात आपल्या शब्दांत सांगतो. कुणाच्या हाती पाय लागतो, कुणाच्या हाती कान. जो तो म्हणतो, हत्ती असाच. मध्यवर्ती कल्पना विचारली की निम्मा वर्ग लिहितो, ‘हत्ती’. विषय आणि विचार यांत अंतर आहे, हे तेव्हा एकदम फळ्यावर दिसते. गोष्ट हत्तीची नाही, अंशालाच पूर्ण समजण्याच्या चुकीची आहे.

पण नुसते सार काढून भागत नाही. सूत्रे मूळ प्रसंगापासून सुटली आणि त्यांचा अर्थ लावणे अवघड झाले. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ पंथातील पंडितांना पुढे मुद्दाम रचावे लागले. मार्गदर्शिकेतली तयार मध्यवर्ती कल्पना पाठ करणाऱ्या मुलाची गत अशीच होते. उतारा बदलला की तो अडतो.

जाता जाता एका शब्दाविषयी सांगतो. ‘खुलासा’ हा शब्द अरबीतला; मूळ अर्थ सार, अर्क. उर्दूत आजही खुलासा म्हणजे सारांश. मराठीत मात्र तो स्पष्टीकरण होऊन बसला. घरी उर्दू बोलणारा माझा एक विद्यार्थी ‘खुलासा करा’ या प्रश्नाचे उत्तर दीड ओळीत आटोपून आला. मी पाचांपैकी एक गुण दिला. दुसऱ्या दिवशी त्याने कारण सांगितले, तेव्हा ती दीड ओळ मी पुन्हा वाचली. उताऱ्याचा गाभा तिच्यात नेमका आला होता.